साडी पोचली, पैसे पोचले नाहीत

दिवाळीच्या तोंडावर धरमपेठेत गाडी लावायला जागा मिळणे कठीण. लक्ष्मीभुवन चौक, कॉफी हाऊस चौक, झेंडा चौक, पलीकडे गोकुळपेठचा बाजार. जिकडे पाहावे तिकडे खरेदीची झुंबड. याच भागात कपड्यांचा आणखी एक बाजार भरतो. त्याला पाटी नसते आणि शटरही नसते. फ्लॅटच्या हॉलमध्ये एका भिंतीला पडदा लावलेला, समोर गोल दिवा, बाजूला साड्यांच्या घड्या आणि पार्सलच्या पिशव्या. दुपारी घरची कामे उरकली की फोन स्टँडवर चढतो आणि ‘लाइव्ह’ सुरू होते. ‘हा पीस एकच आहे, ज्यांना हवा त्यांनी बुक लिहा.’ पुढचा सारा व्यवहार व्हॉट्सॲपवर.

घरून साड्या विकणे नागपूरला नवे नाही. इतवारी-गांधीबागेतून माल आणायचा, ओळखीपाळखीत दाखवायचा, वहीत नाव लिहायचे आणि पैसे तीन-चार हप्त्यांत घ्यायचे. वसुली बहुधा भिशीच्या दिवशी. तेव्हाही पैसे बुडत. पण बुडवणारीचे घर माहीत असे, सासर-माहेर माहीत असे, लग्नाकार्यात तिची गाठ पडणार हेही ठरलेले असे. फोनवरच्या गिऱ्हाइकाचा ठावठिकाणा म्हणजे दहा आकडी नंबर आणि एक फोटो. फोटो कुणाचाही असू शकतो, नंबर उद्या बंद होऊ शकतो. विक्रीची पद्धत अशी मुळापासून पालटली, तरी वहीच्या काळातली भीड तशीच राहिली. पैसे आधी कसे मागायचे? ‘जमा झाले का, पाहते’ म्हटले तर समोरच्याला काय वाटेल? लबाड गिऱ्हाइकाचे भांडवल ही भीडच असते. त्याला संगणक फोडावा लागत नाही. विकणारी संकोचली आणि घाईत सापडली, एवढे त्याला पुरते.

फेब्रुवारी २०२१मधले दिल्लीचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने जुना सोफा विकायला ऑनलाइन जाहिरात दिली. गिऱ्हाईक लगेच मिळाले. खाते बरोबर आहे का हे पाहण्यासाठी म्हणून त्याने आधी थोडी रक्कम पाठवली आणि ती खरोखर जमा झाली. मग एक क्यूआर कोड आला. तो स्कॅन केल्यावर पैसे यायच्या ऐवजी २० हजार गेले. ‘चूक झाली, परत करतो’ म्हणून दुसरा कोड आला आणि आणखी १४ हजार गेले. एकूण ३४ हजार. वस्तू सोफा होती म्हणून कपडे विकणाऱ्यांनी हे प्रकरण बाजूला टाकू नये. लग्नात एकदाच घातलेला लेहेंगा किंवा न वापरलेली पैठणी विकायला काढणाऱ्यांवर हाच डाव टाकला जातो. त्यातले सगळ्यात धूर्त पाऊल पहिले आहे. थोडी रक्कम खरी पाठवायची. पैसे आलेले डोळ्यांनी दिसले की मनातली शंका मिटते आणि पुढच्या कोडकडे कुणी बारकाईने पाहत नाही.

यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवताना. क्यूआर कोड स्कॅन करायचा असतो तो पैसे देणाऱ्याने. एप्रिल २०१६मध्ये ही व्यवस्था आली तेव्हापासून हा नियम कायम आहे, तरी फसवणारा बोलण्याच्या ओघात तो उलटा करून दाखवतो. ‘ताई, तुमच्या खात्यात रक्कम घ्यायला पिन टाकून मंजुरी द्या.’ याचे दुसरे रूप म्हणजे पैशांची मागणी पाठवणारी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’. पडद्यावर रक्कम दिसते, खाली बटण दिसते, आणि घाईत ती रक्कम येणार आहे असा समज होतो. या वाटेने इतकी फसवणूक झाली, की नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. निर्णय योग्य होता, पण उशिरा आला. क्यूआर कोडची वाट मात्र अजून उघडी आहे.

फोनवर बोलणारा ठक अनेकदा स्वतःला लष्करातला म्हणवतो. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचे कार्ड, सगळे तो न मागता पाठवतो. देशभर या पद्धतीने लोक फसले आहेत. नागपुरात ती बतावणी विशेष पटण्यासारखी आहे. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे रेजिमेंटल सेंटर आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. बदलीवर आलेली कुटुंबे शहरात खरोखरच राहतात आणि खरेदीही करतात. ‘कामठीला पोस्टिंग आहे, मला बाहेर पडता येत नाही, माणूस पाठवतो, पैसे आर्मीच्या पद्धतीने येतील’ असे कुणी म्हटले की नागपूरकराच्या मनात आदर आधी येतो आणि प्रश्न नंतर. पैसे पाठवण्याची लष्कराची अशी वेगळी पद्धत नाही. जवानाचे यूपीआय आणि दुकानदाराचे यूपीआय एकाच रीतीने चालते. आणि अनोळखी विक्रेतीला न मागता ओळखपत्र पाठवणारा माणूस, मग तो कुणीही असो, संशयाचाच मानावा.

दुसरा मोठा प्रकार खोट्या स्क्रीनशॉटचा. गिऱ्हाईक शहरातलेच असल्याचे सांगते, घाईत असते, संध्याकाळी कार्यक्रम असतो. पार्सल न्यायला ॲपवरून बोलावलेला दुचाकीस्वार दारात उभा राहतो आणि त्याच क्षणी फोनवर ‘पेमेंट सक्सेसफुल’चे हिरवे चित्र येते. स्वाराचा यात काही दोष नसतो, त्याला फक्त वस्तू पोचवायची असते. तो खोळंबला आहे म्हणून विकणारी पिशवी देऊन टाकते. पैसे आलेच नाहीत हे कळते रात्री. असे चित्र तयार करायला कौशल्य लागत नाही. २०२१मध्ये हैदराबाद पोलिसांनी पकडलेल्या काही जणांकडे तर पेटीएमची हुबेहूब नक्कल करणारे ॲपच होते. दुकानात जायचे, माल घ्यायचा, रक्कम टाकल्याचे नाटक करायचे, पडदा दाखवायचा आणि निघायचे. दुकानदाराकडे रक्कम मोठ्याने बोलणारा स्पीकर असतो. घरून विकणाऱ्या बहुतेकींकडे तो नसतो आणि बँकेचा मेसेज कधीकधी उशिरा येतो. म्हणून स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नये. गिऱ्हाइकाकडून व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक मागावा आणि आपल्या बँकेच्या ॲपमध्ये खात्याचा उतारा उघडून तो क्रमांक व रक्कम दोन्ही पाहावी. ‘अडीच हजारांऐवजी चुकून पंचवीस हजार गेले, उरलेले परत पाठवा’ असा रडवेला फोन आला, तर ही तपासणी दुप्पट गरजेची. तिथे मेसेजही बनावट असतो. बँकेचा मेसेज बँकेच्या नावाच्या अक्षरांनी येतो, साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही.

इथवर पैशांची लबाडी झाली. मालाची लबाडी अधिक जिव्हारी लागते, कारण तिथे गिऱ्हाईक खरे असते, पत्ता खरा असतो, पैसेही आलेले असतात.

विदर्भाच्या करवती काठाच्या टसर साडीचे उदाहरण घ्यावे. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, अंगाला कोसा रेशमाचा पोत, विणकर भंडारा-नागपूर पट्ट्यातला कोष्टी. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिची यंत्रमागावरची नक्कल फोटोत जवळपास तशीच दिसते. लबाड गिऱ्हाईक हातमागाची साडी मागवते, ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून परत पाठवते, आणि डबा उघडल्यावर आत पॉलिस्टर निघते. हातमागाच्या एकेका साडीत विणकराचे अनेक दिवस आणि विकणारीचे महिन्याभराचे भांडवल अडकलेले असते. अदलाबदल झाली तर दोघांचे नुकसान, शिवाय तीच नक्कल पुढे कुणाला तरी खरी म्हणून विकली जाण्याचा धोका.

याला उतारा आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४मध्ये ‘सिल्क मार्क’ सुरू झाला. त्याच्या होलोग्रामच्या लेबलवर प्रत्येक नगाचा स्वतंत्र क्रमांक असतो. पाठवण्याआधी तो क्रमांक, काठ, पदर, एखादी ओळखीची गाठ किंवा विणीतला फरक, साडीची घडी, पिशवी चिकटवणे आणि वजनकाट्यावरचा आकडा, हे सगळे एकाच न तुटलेल्या चित्रफितीत घ्यावे. वजनाला महत्त्व आहे. स्पीड पोस्टच्या पावतीवर ते छापून येते, आणि ‘रिकामा डबा आला’ या आरोपाला त्याहून सरळ उत्तर नाही. टपाल खात्याने १ ऑक्टोबर २०२५पासून स्पीड पोस्टला ओटीपी घेऊन वस्तू देण्याची सोय जोडली आहे. त्यासाठी पाच रुपये आणि जीएसटी इतकाच जादा खर्च येतो. ‘मला मिळालेच नाही’ म्हणणाऱ्याची वाट त्यात बंद होते. भारी साडीसाठी हे पाच रुपये वाचवू नयेत.

नवरात्रात आणि लग्नसराईत आणखी एक प्रकार वाढतो: घालून परत करणे. गरब्याला घागरा मिरवायचा आणि दसऱ्यानंतर ‘फिटिंग बसले नाही’ म्हणून धाडून द्यायचा. अनुभवी विक्रेत्या परत आलेला पीस आधी नाकाशी धरतात, मग उजेडात धरतात. अत्तराचा वास, काखेतला घामाचा डाग, पदरावर आणि निऱ्यांच्या जागी पिनांची बारीक भोके लपत नाहीत. किमतीचा टॅग मानेमागे लावण्याऐवजी समोर, दिसेल अशा जागी न निघणाऱ्या दोऱ्याने लावला आणि ‘टॅग तुटल्यास परत घेतले जाणार नाही’ हे बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवले, तर ही हौस बरीच कमी होते. फॉल-पिको करून दिलेली साडी परत येणार नाही, हेही आधीच सांगावे. अमेरिकेसारख्या देशात ही दुखणी मोजली जातात: तिथल्या नॅशनल रिटेल फेडरेशनच्या २०२३च्या अहवालानुसार वर्षभरात ७४३ अब्ज डॉलरचा माल परत आला आणि त्यातला १०१ अब्ज डॉलरचा परतावा लबाडीचा होता. म्हणजे शंभरातले जवळपास चौदा.

याचा दुसरा अर्थ असा, की उरलेले शहाऐंशी प्रामाणिक होते. हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे तयार कपड्यांची मापे एका कंपनीची दुसरीशी जुळत नाहीत. भारतीय शरीराची स्वतःची मापे ठरावीत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मोजणी हाती घेतली, ती याच गोंधळामुळे. फोनच्या पडद्यावर राणी रंग लाल दिसतो, मोरपंखी निळा दिसतो. दिवाळीला घेतलेला कुर्ता छातीत घट्ट झाला म्हणून परत करणारी मुलगी ठक नव्हे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे बाजारपेठेसारख्या संकेतस्थळावरून विकलेली वस्तू सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’ची पाटी तिथे उपयोगाची नाही, आणि नसावीच. मापे इंचांत द्यावीत, फोटो दिवसाच्या उजेडात काढावा. तेवढ्याने प्रामाणिक परतावे घटतात आणि लबाड परतावे वेगळे ओळखू येतात.

माल घरी आल्यावर पैसे देण्याची पद्धत, म्हणजे सीओडी, हे आणखी एक दुखणे, आणि ते जुने आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी टपाल खात्याने व्हीपीपी आणली: पोस्टमनने पार्सल द्यायचे, पैसे घ्यायचे आणि पाठवणाऱ्याला पोचवायचे. जुन्या मराठी मासिकांतल्या जाहिरातींखाली ‘व्ही. पी. खर्च वेगळा’ असे छापलेले असे, ते यातूनच. व्हीपी न सोडवणारी गिऱ्हाइकेही तेव्हापासूनची. पार्सल परत यायचे आणि टपालखर्च पाठवणाऱ्याच्या अंगावर पडायचा. २०१०मध्ये फ्लिपकार्टने सीओडी सुरू केली, तेव्हा अनोळखी संकेतस्थळावर विश्वास बसावा म्हणून ती लागलीच. पण तिचा भार कोण उचलतो? मोठी कंपनी परत आलेल्या पार्सलांचा खर्च हजारो व्यवहारांत पसरवते. धरमपेठेतल्या एका खोलीच्या धंद्यात सणाच्या आठवड्यात चार पार्सले ‘आरटीओ’ होऊन, म्हणजे न स्वीकारता परत आली, तर जाण्यायेण्याचे कुरिअर गेले आणि तो पीस दुसऱ्या कुणाला विकण्याचे दिवसही गेले. ‘बुक’ लिहून नंतर फोन न उचलणारे गिऱ्हाईक तेच नुकसान पार्सल न निघताच करते. किमान येण्याजाण्याचा खर्च निघेल इतकी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय पीस राखून ठेवू नये. यात गैर काही नाही. शिंपीसुद्धा ब्लाऊज शिवायला आगाऊ घेतो.

मोठ्या कंपन्याही सुटलेल्या नाहीत. मिंत्राने २०२४मध्ये बेंगळुरू पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत, मार्च ते जून या काळात त्या एका शहरात साडेपाच हजारांहून अधिक बनावट ऑर्डरींमधून सुमारे १.१ कोटी रुपये गेल्याचे म्हटले होते. महागडे कपडे, बूट, दागिने मोठ्या संख्येने मागवायचे आणि मिळाल्यावर ‘नग कमी आले’, ‘चुकीचा माल आला’ म्हणून परतावा उकळायचा. त्या कंपनीकडे हिशेब तपासणारा विभाग होता, वकील होते, म्हणून ते उघडकीला आले. घरगुती विक्रेतीकडे यातले काही नसते, आणि मोठ्या संकेतस्थळांवर जायलाही तिला मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२३पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना अशा संकेतस्थळांवर विकता येते, पण फक्त आपल्या राज्यात. म्हणून बराचसा व्यवहार व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर होतो, जिथे वाद मिटवणारा तिसरा कुणी नाही.

परदेशातल्या मराठी घरांतून येणाऱ्या ऑर्डरींचे गणित वेगळे. यूपीआयने खात्यात आलेली रक्कम पाठवणाऱ्याला एका बटणाने परत ओढता येत नाही. कार्डाने दिलेल्या रकमेवर मात्र तो महिन्यांनंतरही बँकेकडे दावा करू शकतो. पेपालमध्ये तक्रारीची मुदत १८० दिवसांची आहे. तिथे विक्रेत्याला संरक्षण मिळते ते माल नोंदलेल्या पत्त्यावरच गेल्याचा माग दाखवता आला तर. पैसे आल्यानंतर ‘आता बहिणीच्या पत्त्यावर पाठवा’ असा निरोप आला, की व्यवहार रद्द करून नव्या पत्त्यावर नव्याने पैसे मागवावेत.

एक धोका असा, की त्यात पैसे पूर्ण मिळतात आणि तरीही विकणारी अडकते. दुसऱ्याच कुणाला लुबाडून मिळवलेल्या पैशांतून ठकाने साडी घेतली, तर मूळ तक्रारीचा माग त्या पैशांबरोबर विक्रेतीच्या खात्यापर्यंत येतो आणि खाते गोठते. केरळमध्ये २०२३ साली असंख्य छोट्या दुकानदारांवर हीच वेळ आली. परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रांवरून बँकांनी त्यांची सबंध खाती बंद केली होती. केरळ उच्च न्यायालयाने त्या वर्षी बँकांना सांगितले, की गोठवायचे ते पोलिसांनी नमूद केलेल्या रकमेपुरतेच. अशा वेळी हाताशी बिल, बुकिंगचे संभाषण आणि कुरिअरची पावती असली तर आपण माल देऊन पैसे घेतले हे दाखवता येते. धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे, तेही यासाठीच.

फसवणूक झालीच, तर पहिला तास मोलाचा. १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक. तक्रार नोंदली की रक्कम ज्या खात्यात गेली तिथेच अडवण्याचा प्रयत्न होतो. पैसे पुढच्या खात्यांत पांगले की माग लांबत जातो. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे: रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पिन दिल्याने नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. रात्री रडत बसून सकाळी बँकेत जाणे महागात पडते ते यामुळे. ठक परराज्यातला असला तरी तक्रार आपल्या जवळच्या पोलिस ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. संभाषण पुसू नये, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळे जपून ठेवावे आणि ज्या फोनवर व्यवहार झाला तो फोन विकू नये.

तरी बायका तक्रारीला जात नाहीत. रक्कम दोन-चार हजारांची असते आणि ‘घरबसल्या धंदा कशाला काढलास?’ हे ऐकावे लागेल ही भीती त्याहून मोठी असते. २०२४ साली देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. आदल्या वर्षीचा आकडा ७,४६५ कोटी होता. या आकड्यांत न नोंदलेली साडी नाही. लहान रकमेची तक्रारसुद्धा कामाची असते, कारण तोच नंबर आणि तेच खाते दहा ठिकाणच्या तक्रारींत सापडले की पोलिसांना माणसापर्यंत पोचता येते. फसणे हा गुन्हा नाही. घरच्यांनी तिला बोल लावण्याआधी १९३० लावून द्यावा.

आणि हा अंक वाचणाऱ्यांत विकणाऱ्यांपेक्षा विकत घेणारे अधिक असतील. त्यांच्याकडे एक मागणे आहे. ‘बुक’ लिहिले की त्याच दिवशी पैसे द्या किंवा नको म्हणून कळवा. स्क्रीनशॉटबरोबर व्यवहाराचा क्रमांक पाठवा. परत करायची वस्तू न वापरता, टॅगसकट, ठरल्या मुदतीत परत करा. आणि ‘खात्यात पाहून सांगते’ असे पलीकडून उत्तर आले, तर रागावू नका, दोन मिनिटे थांबा.